सांगलीतला एमआरआय, मिरजेच्या कानांनी

आधी पैशांचं सांगून टाकतो, कारण बहुतेकांना तेवढंच हवं असतं. मेंदूचा एमआरआय, त्यात कानाच्या नसेचे बारीक काप आणि कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन, सगळं मिळून ७,८०० रुपये. डोळ्यांचा एक्स-रे ३५० रुपये. कानाच्या तपासणीत डोळे कुठून आले ते पुढे येईल. क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंड नीट चालतंय का ते बघायची रक्ततपासणी आदल्या दिवशी मिरजेतच केली, १५० रुपये. साडेआठची वेळ दिली होती, आत घेतलं अकरा वाजून दहा मिनिटांनी. माझे गुण असे: यंत्राला पाचपैकी साडेचार, आतल्या टेक्निशियन पोरीला पाचपैकी सहा, रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टरांना चार आणि बाहेरच्या काउंटरला एक. तो एकही पिण्याचं पाणी गार होतं म्हणून.

केंद्राचं नाव लिहिणार नाही. सांगलीत आहे एवढंच सांगतो. राग काउंटरचा आणि बोलणी आतल्या पोरीला, असं आपल्याकडं नेहमी होतं. ते मला नको आहे.

मी मिरजेचा. सतारमेकर गल्लीत ३६ वर्षं जवारी काढतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तानपुऱ्याच्या घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा कानसीनं आणि मग पॉलिश पेपरनं असा उतरवायचा की तार त्यावर नीट टेकतही नाही आणि सुटतही नाही. मग तारेखाली दोरा सरकवत सरकवत एक जागा अशी येते की तार बोलायला लागते. तिच्या पोटातले वरचे स्वर बाहेर पडतात. ही जागा डोळ्यांना दिसत नाही, कानालाच कळते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गल्लीत फोटो काढायला बरेच लोक आले. भोपळ्याचे फोटो काढले, नक्षीचे काढले. जवारीचा फोटो येत नाही.

माझा कामाचा कान उजवा. घोडीवर वाकताना आपोआप तोच खाली जातो. दिवाळीनंतर त्या कानात किर्र सुरू झाली. पहिले चार दिवस रातकिडा समजून कपाटामागं चपला मारल्या. मग भर दुपारीही तो गायला लागला तेव्हा लक्षात आलं की किडा माझ्यातच आहे. तरी मी कुणाला बोललो नाही. बोलावं लागलं ते इचलकरंजीच्या एका गायिकाबाईंमुळं. त्यांचा तानपुरा मी जवारी काढून दिला होता, तो त्यांनी आठ दिवसांत परत आणला. म्हणाल्या, "दादा, फार खुली झालीय, कानात टोचते." मला तर ती गोल, म्हणजे मऊच वाटत होती. डावा कान लावून ऐकलं आणि अंगावर काटा आला. पत्र्यासारखी वाजत होती. उजव्या कानाला वरचे स्वर पोचत नव्हते, म्हणून ते पोचेपर्यंत मी घासत बसलो होतो. ३६ वर्षांत पहिल्यांदा घोडी बदलून द्यावी लागली, माझ्या खर्चानं.

मिरजेत डॉक्टर शोधायला लांब जावं लागत नाही. वानलेस साहेबांनी १८९४ साली इथं मिशनचा दवाखाना काढला, तेव्हापासून कर्नाटकातले पेशंटसुद्धा मिरजेच्या गाडीत बसतात. कानाच्या डॉक्टरांनी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी केली. डावा कान वयाच्या मानानं ठीक. उजव्याचा आलेख ४,००० हर्ट्झच्या आसपास असा खाली गेला होता जसा आमच्या गल्लीचा उतार. डॉक्टर म्हणाले, दोन्ही कान सारखे उतरले असते तर सँडर, म्हणजे घासायच्या यंत्राचा आवाज, आणि वय म्हणून सोडून दिलं असतं. एकच कान जातोय आणि वाजतोयही, म्हणून आठव्या, म्हणजे कानाच्या नसेवर गाठ नाही ना, हे एकदा बघून घेऊ. असली तरी ती बहुतेक वेळा साधी आणि सावकाश वाढणारी असते, कॅन्सर नव्हे. बायकोनं यातला 'गाठ' एवढाच शब्द ऐकला.

काउंटरचं आटपतो. फॉर्म भरून घेणारा पोरगा मान वर न करता एकेक प्रश्न स्वतःच वाचत होता आणि स्वतःच खुणा करत होता. पेसमेकर, नाही. कानात यंत्र, नाही. ऑपरेशन, नाही. शरीरात धातू, नाही. "सही करा, आजोबा." मी ५८ वर्षांचा आहे. सही केली, ही माझी चूक. त्यानंतर अडीच तास कुणी काही बोललं नाही. दोनदा विचारलं तर "इमर्जन्सी आलीय" म्हणाले. इमर्जन्सी येतेच, तक्रार नाही. पण सकाळपासून चार तास उपाशी राहायला सांगितलेल्या माणसाला तसं आपण होऊन सांगावं.

आत मात्र वेगळंच राज्य. टेक्निशियन तासगावकडची, पंचविशीची असेल. फॉर्म हातात घेतला, खुणांची सरळ रांग बघितली आणि बाजूला ठेवला. "काका, काम काय करता?"

"तानपुरे."

"म्हणजे कानस, ड्रिल, तारा?"

"ते तर रोजचंच."

"डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेलेला?"

गेला होता. वीस-एकवीस वर्षांपूर्वी सतारीची तार चढवताना तुटली आणि टोक डाव्या डोळ्याला लागलं. दवाखान्यात काढून टाकलं होतं. मी विसरूनही गेलो होतो. पोरीनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, सगळं निघालं होतं का हे तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही. आत पोलादाचा कण राहिला असेल तर चुंबक त्याला हलवणार, आणि डोळ्यात हलायला जागा नसते. आधी एक्स-रे, मग बघू. काउंटरवरून फोन आला की पेशंट खोळंबलेत. तिनं शांतपणे सांगितलं, "खोळंबू देत." त्या दोन शब्दांसाठी सहावा गुण आहे.

हा चुंबक बंद होत नाही, हे मला तेव्हा कळलं. मला वाटायचं पेशंट आला की बटण दाबून सुरू करतात. यंत्र दीड टेस्लाचं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकापेक्षा साधारण तीस हजार पट, आणि ते रात्री, रविवारी, गणपतीत, वीज गेली तरी तसंच ओढत असतं. आत नायोबियम आणि टायटॅनियमच्या तारेची वेटोळी द्रवरूप हेलियममध्ये बुडवलेली असतात, उणे २६९ अंशांत. इतक्या थंडीत त्या तारेला विजेचा विरोधच उरत नाही. एकदा सोडलेला प्रवाह फिरतच राहतो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचा लोखंडी सिलिंडर घेऊन एक तरुण एमआरआयच्या खोलीत गेला आणि त्यात त्याचा जीव गेला, हे पेपरात वाचलं होतं. तेव्हा ते खरं वाटलं नव्हतं. खोलीच्या दारात उभं राहून वाटलं. तेव्हा फॉर्म नीट भरा. कुणी तुमच्या वतीनं 'नाही, नाही' करत सुटला तर त्याच्या हातातलं पेन काढून घ्या.

एक्स-रे स्वच्छ आला. मग कानाचा प्रश्न. वॉर्डबॉयनं कापसाचे दोन बोळे आणून दिले. मी म्हणालो, हे अत्तराला ठीक आहेत. या यंत्राचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो हे लेकीनं आधीच सांगून ठेवलं होतं, आणि माझा तर कानच आजारी. पोरीनं कपाटातून फोमचे बोळे काढले. ते कसे घालायचे हेही दाखवलं: बोटांत मळून वातीसारखे बारीक करायचे, दुसऱ्या हातानं कान वर आणि मागं ओढायचा, आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवायचे. ३६ वर्षं कानावर पोट भरलं आणि हे मला कुणी शिकवलं नव्हतं. त्यावर हेडफोन. मग तोंडावर पिंजरा, त्यात आरसा, हातात रबरी फुगा. घाबरलात तर दाबा. "हलायचं न्हाई हां काका अजिबात. थुंकी गिळायची ती मधल्या गॅपमधी."

आता यंत्राबद्दल. इथं मला जरा सविस्तर लिहू द्या, कारण बाकी अभिप्रायांत लोक 'खूप आवाज येतो' म्हणून पुढं जातात. खूप म्हणजे काय?

काहीच चालू नसताना त्याचा एक ठेका असतो. च्यूक, च्यूक, च्यूक. साधारण सेकंदाला एक. तो हेलियम थंड ठेवणाऱ्या पंपाचा. कुठल्याही तबल्याच्या विद्यार्थ्यानं त्यावर विलंबित धरावा इतका स्थिर. पहिल्या काही सेकंदांची खरखर झाली, आणि मग भुंगा सुरू झाला. सपाट, कर्कश, डोक्याची कवटी हलवणारा. पण सूर पक्का. हार्मोनियमच्या वरच्या सप्तकातली काळी दोन, किंचित उतरलेली. मी तो सूर मनात धरून ठेवला आणि बाहेर आल्यावर लॉकरमधून फोन काढेपर्यंत गुणगुणत राहिलो. ट्यूनरच्या अ‍ॅपनं काळी दोनच दाखवली. पोरगी म्हणाली, असला पेशंट पहिल्यांदा बघितला.

भुंग्यानंतर तांबट आळी. ठक-ठक-ठक-ठक, एकाच भांड्यावर दहा जण. मग ठोके, मोठा विसावा, पुन्हा ठोके. तो विसावाच जास्त छळतो, कारण तेव्हा नाक खाजतं. आणि मग आला तो भाग ज्यासाठी मी आलो होतो: कानाच्या नसेचे काप, मिलिमीटरहून पातळ. तो आवाज खर्जाचा. जाड, भरलेला, एकाच जागी चार-साडेचार मिनिटं धरून ठेवलेला. खरं सांगतो, तो मला आवडला. तो थांबला आणि एक गंमत झाली. कानातली किर्र गायब. पंधरा-वीस सेकंद उजवा कान दिवाळीआधीसारखा रिकामा होता. मग लांबून आल्यासारखी ती हळूहळू परतली. नंतर कानाच्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, मोठ्या आवाजानंतर किर्र थोडा वेळ दबते, पुष्कळांना तसा अनुभव येतो, त्यात आशेनं गुंतू नका. तरी ते पंधरा-वीस सेकंद ७,८०० रुपयांत धरायला हरकत नाही.

हा आवाज कशाचा, यावर माझं आणि थोरलीचं घरी भांडण झालं. ती सांगलीत ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते. मी म्हणालो, एमआरआयमधला आर म्हणजे रेझोनन्स, नावातच अनुनाद आहे. म्हणजे आमच्या तरफा. सतारीत वरच्या तारेवर गंधार वाजवला की खालची गंधाराला लावलेली तरफ कुणी हात न लावता आपोआप बोलते. बाकीच्या गप्प. तसंच डोक्यातल्या पाण्याचे कण यंत्राच्या सुरावर बोलत असणार, आणि तेच मी ऐकलं.

"अर्धं बरोबर, बाबा," ती म्हणाली. "बोलतात खरे, पण तुम्ही ऐकलं ते त्यांचं बोलणं नव्हे."

तिनं सांगितलं ते मला समजलं तसं देतो. आपलं शरीर बहुतांशी पाणी, पाण्यात हायड्रोजन, आणि हायड्रोजनचं केंद्रक म्हणजे एक इवलासा चुंबक. मोठ्या चुंबकात नेल्यावर तो भोवऱ्यासारखा घुमतो. तारेसारखा थरथरत नाही, घुमतो. हा तिचा पहिला आक्षेप. किती वेगानं घुमायचं ते चुंबकाच्या ताकदीवर ठरतं: एका टेस्लाला सेकंदाला ४ कोटी २५ लाखांहून जरा जास्त फेरे. दीड टेस्लाला जवळपास ६४ मेगाहर्ट्झ. म्हणजे एफएम रेडिओच्या काट्याच्या जरा खाली. तार ताणली की सूर चढतो तसं, तीन टेस्लाच्या यंत्रात तोच सूर दुप्पट, एक सप्तक वर. या सुराची रेडिओ लहर बाहेरून सोडली की ते भोवरे एकत्र कलतात, आणि लहर थांबली की पुन्हा सावरताना स्वतः तशीच लहर परत देतात. ही झाली तरफ. सगळे भोवरे कामाला येतात असंही नाही. चुंबकाच्या बाजूनं झुकलेल्यांचा वाढावा दहा लाखांत जेमतेम पाच. पण डोक्यात पाणी इतकं की तेवढे पुरतात. बाहेरच्या रेडिओनं त्यात लुडबुड करू नये म्हणून सगळ्या खोलीला आतून तांब्याचा पत्रा. आणि ६४ मेगाहर्ट्झ माणसाच्या काय, वटवाघळाच्या कानालाही ऐकू येत नाही.

मग तांबट आळी कुठली? ती दुसऱ्याच वेटोळ्यांची. मोठ्या चुंबकाच्या आत आणखी तीन जोड वेटोळी असतात. ती चुंबकाची ताकद डोक्याच्या एका बाजूला किंचित जास्त, दुसऱ्या बाजूला किंचित कमी करतात. त्यामुळं कपाळाकडचं पाणी जरा चढ्या सुरात बोलतं आणि मानेकडचं उतरत्या. सूर ऐकला की यंत्राला कळतं, हा कुठून आला. सतारीचा पडदा न बघता नुसत्या सुरावरून बोट कुठं आहे ते ओळखावं तसं. ही वेटोळी शेकडो अँपिअरनं सारखी चालू-बंद होतात, मोठ्या चुंबकात ती हिसका खातात आणि त्यांचा सांगाडा हादरतो. लाउडस्पीकरमध्ये हेच होतं, म्हणजे मी एका लाउडस्पीकरच्या पोटात डोकं घालून झोपलो होतो.

सुरावरून जागा ओळखायची ही कल्पना पॉल लॉटरबर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाची. १९७३ साली त्यानं पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचं चित्र असं काढून 'नेचर' मासिकात छापलं, आणि मासिकानं ते आधी परत पाठवलं होतं. माझी काळी दोन मात्र दुसऱ्याची, इंग्लंडच्या पीटर मॅन्सफील्डची. अख्खा काप एका दमात, क्षणार्धात टिपायची रीत त्यानं १९७७ साली मांडली. त्यासाठी वेटोळी इतक्या भराभर उलटसुलट करावी लागतात की ठोके मिटून त्यांचा सूरच होतो. हा मॅन्सफील्ड पंधराव्या वर्षी शाळा सोडून छपाई-बांधणीच्या धंद्यात कामाला लागलेला. २००३ चं वैद्यकाचं नोबेल त्याला आणि लॉटरबरला मिळून मिळालं. कारागिराच्या हातचा सूर आहे म्हटल्यावर तो कर्कश असला तरी मी जरा सांभाळून बोलायला लागलो.

थोरलीचा दुसरा आक्षेप माझ्या बाजूनं निघाला. ती म्हणाली, चित्रातला काळा-पांढरा फरक सुरावर नाही, आसेवर आहे. आपण तार छेडतो आणि ती किती वेळ गुंजत राहते ते बघतो, तसंच. सगळे भोवरे आधी एका तालात असतात, मग शेजाऱ्यांच्या धक्क्यानं एकेक मागंपुढं होतो आणि आवाज विरतो. मेंदूच्या गाभ्यात तो दहावा हिस्सा सेकंदात विझत जातो. मेंदूभोवतीच्या नुसत्या पाण्यात मात्र कितीतरी जास्त टिकतो, म्हणून एका तऱ्हेच्या चित्रात पाणी लखलखीत दिसतं. सूज आली, पाणी धरलं, की त्या जागेची आस बदलते. भोपळा आतून ओला राहिला असेल तर टिचकी मारूनच मी सांगतो. त्यापेक्षा यंत्र फार वेगळं काही करत नाही, एवढं थोरलीला कबूल करावं लागलं.

शेवटी कॉन्ट्रास्ट. हातात सुई, दंडातून गार काहीतरी वर जातं, तोंडाला नाणं चोखल्यासारखी चव. ते गॅडोलिनियम. ते स्वतः चित्रात दिसत नाही. जिथं जमतं तिथल्या पाण्याला लवकर सावरायला लावतं, म्हणून ती जागा उजळते. गाठ असती तर उजळली असती. मूत्रपिंडातून बाहेर पडतं, म्हणून आधी क्रिएटिनिन. एकूण आत ३४ मिनिटं.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी पाचला म्हणाले, सातला दिला. पहिल्याच ओळीत 'डाव्या कानात आवाज'. उजव्याचं डावं! फॉर्मवाल्यानं लिहिलं असणार. मी तिथंच उभा राहिलो आणि म्हणालो, डॉक्टरांना भेटल्याशिवाय हलणार नाही. या वेळी हलायला परवानगी होती तरी.

रेडिओलॉजिस्ट बाहेर आले, चूक बघितली, वाद न घालता दुरुस्त केली आणि मला आत स्क्रीनसमोर बसवलं. चार गुण त्याचे. पाचवा सात वाजवल्याबद्दल कापला. दोन्ही बाजूंची सातवी आणि आठवी नस एकेक काप सरकवत दाखवली. काळ्या बारीक तारा, पांढऱ्या पाण्यातून गेलेल्या, दोन्हीकडं सारख्या. गाठ नाही. मेंदूच्या पांढऱ्या द्रव्यात तुरळक ठिपके, ते वयाचे, बीपी सांभाळा. मग त्यांनी एक जागा मोठी केली. अडीच वेढ्यांचा शंख. माझाच. खुंटीला तारेचे वेढे देतो तसा, पाण्यानं भरलेला, चांदीसारखा. बुंध्याकडं चढे स्वर ऐकू येतात, टोकाकडं खर्ज. माझे गेलेले ४,००० हर्ट्झ बुंध्याकडच्या वेढ्यात. "मग तिथं काय बिघडलंय ते दाखवा," मी म्हणालो. डॉक्टर हसले. तिथं आवाज पकडणाऱ्या केसांच्या पेशी असतात, त्या इतक्या बारीक की हे यंत्र त्यांच्यापर्यंत पोचत नाही. म्हणजे माझा बिघाड जिथं आहे तीच जागा सोडून बाकी सगळं डोकं मी बघून आलो. हे आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. पैसे वाया गेले असं मी म्हणत नाही. गाठ नाही हे कळायला तेवढे लागणारच. पण लोक समजतात की एमआरआय काढला की सगळं दिसतं.

डॉक्टर हार्मोनियम वाजवणारे निघाले, त्यामुळं बैठक लांबली. त्यांनी सांगितलं की याच यंत्रात, त्याच भुंग्याच्या सुरात, चालता-बोलता मेंदूही बघतात. मेंदूचा जो भाग काम करतो तिथं ताजं रक्त धावतं. प्राणवायू सोडलेलं रक्त चुंबकाला जरा वेगळं वागतं, हे १९३६ पासून माहीत होतं. त्याचा उपयोग करून मेंदूचं काम टिपता येतं हे १९९० साली सेइजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञानं उंदरांवर दाखवलं. दोन वर्षांत माणसांवर झालं. फरक किती? आमच्यासारख्या दीड टेस्लाच्या यंत्रात शंभरात एक-दोन. म्हणून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करायला लावतात आणि हिशेब मांडतात. हिशेब चुकला तर काय होतं याचा किस्सा त्यांनी रंगवून सांगितला: २००९ साली अमेरिकेत काही संशोधकांनी मेलेला सामन मासा यंत्रात ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले, आणि गणितात नेहमीची काळजी घेतली नाही तर त्याचाही मेंदू 'विचार करताना' दिसतो हे सिद्ध केलं. काउंटरवर तोच मासा बसवलाय का, हे मी विचारलं नाही.

दुसरी गोष्ट मी घरी येऊन बायकोलाही सांगितली. चार्ल्स लिंब नावाचा एक कानाचा सर्जन आहे. त्यानं सहा जॅझ पियानोवादकांना यंत्रात झोपवून वाजवायला लावलं. निकाल २००८ साली छापला. पाठ केलेलं आधी, मग मनानं उपज घेत. उपज घेताना कपाळामागचा, स्वतःवर पहारा ठेवणारा भाग शांत झाला, आणि मधला एक भाग जागा. पण मला राग-उपजेपेक्षा त्यांच्या वाद्याची काळजी लागली. ३५ पट्ट्यांचा प्लास्टिकचा कीबोर्ड, मांडीवर मावेल असा, आत लोखंडाचा तुकडा नाही. तो कुणीतरी बसून बनवला असेल. सतार तशी करायची झाली तर? पडदे पितळेचे, खर्ज पितळेचा, तिथवर ठीक. बाजाच्या तारेचं काय? पोलाद आत नेता येत नाही, आणि नायलॉनवर जवारी बोलत नाही. तानपुरा जमेल कदाचित. दोन दिवस मी याच विचारात होतो. किर्रकडं तेवढंच दुर्लक्ष झालं.

आता कामाच्या दोन-तीन गोष्टी. फिल्मचे वेगळे पैसे मागतात, घेऊ नका. सीडी देतात, घरात सीडी लावायला कुणाकडं काय उरलंय? पेनड्राइव्ह न्या, आतली पोरगी भरून देते. सकाळची पाळी तिची आहे. दाढीत मेंदी असेल किंवा अंगावर जुनं गोंदण असेल तर तेही तिला सांगा, ती ऐकून घेते.

माझं काम चालू आहे. बसायची जागा फिरवून घेतली, खिडकी आता उजवीकडं आणि घोडी डाव्या कानाखाली. हात अजून चुकतो. इचलकरंजीच्या बाईंना दुसरी जवारी पसंत पडली, पण ती मी तीनदा तपासली होती. केंद्राचं नाव हवं असेल त्यांनी गल्लीत येऊन विचारावं. फक्त दुपारी दोन ते चार येऊ नका. तेव्हा सँडर चालू असतो आणि मी फोमचे बोळे घालून बसतो, हाक ऐकू येणार नाही.